चेहऱ्यावरची ॲलर्जी: काय खावं, काय लावावं, काय बंद करावं

प्रश्न थोडक्यात असा: महिन्याभरापासून गाल आणि पापण्या लाल होतात, खाजतात, बारीक पापुद्रे सुटतात. दूध, अंडी, गहू, टोमॅटो बंद करून तीन आठवडे झाले, तरी फरक नाही. लावायला चार क्रीम चालू आहेत. आता आणखी काय सोडायचं?

खाणं पूर्ववत करा आणि त्या चार क्रीम सोडा. या लक्षणांत अन्नाचा हात असण्याची शक्यता मुळातच कमी, आणि तीन आठवडे पथ्य पाळूनही काही हललं नाही ही त्याची पावतीच आहे. अपवाद एकच: यांपैकी काही खाल्ल्यावर पूर्वी लगेच ओठ सुजले असतील किंवा धाप लागली असेल, तर तो पदार्थ तपासणीशिवाय परत तोंडात घालू नका.

‘चेहऱ्याची ॲलर्जी’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी दुखणी खपतात. ती वेगळी काढायला बऱ्याचदा घड्याळ पुरतं.

पहिलं दुखणं गांधी उठण्याचं, म्हणजे शीतपित्त. फुगीर चट्टे, मध्ये फिकट, कडेला लाल, खाज प्रचंड, पण पापुद्रे नाहीत. कारण अन्न असेल तर खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठतात. एकेक गांध २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते, तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. खात्री करायची असेल तर एखाद्या गांधीभोवती पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ तिथेच असते, आतली गांध गेलेली असते.

दुसरं दुखणं संपर्काचं, म्हणजे त्वचेला लागलेल्या एखाद्या पदार्थाविरुद्ध उठलेला एक्झिमा. लागल्यापासून साधारण २४ ते ७२ तासांनी तो दिसायला लागतो, कारण यात रक्तातल्या टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, त्या जागी गोळा व्हायला वेळ लागतो. त्वचा लाल, खरखरीत होते, कधी पाझरते, मग सोलवटते. कारण दूर केलं तरी पूर्ण निवायला दोन-तीन आठवडे जातात. सगळा घोटाळा या उशिरामुळे होतो. रविवारी लावलेल्या वस्तूचा राग मंगळवारी तोंडावर येतो, आणि दोष जातो सोमवारी रात्री खाल्लेल्या पदार्थाला.

तुमचे पापुद्रे आणि महिनाभर एकाच जागी टिकलेली लाली दुसऱ्या दुखण्याकडे बोट दाखवतात.

‘पण हे तर मी पाच वर्षं वापरतेय’ हा बचाव इथे चालत नाही. शरीर एखाद्या पदार्थाविरुद्ध तयार व्हायला दहा-पंधरा दिवस घेईल किंवा कित्येक वर्षं. एकदा तयार झालं की मात्र दर वेळी तीच प्रतिक्रिया. शिवाय बाटली तीच राहते आणि आतलं परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारं रसायन, बदलतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्यातलं नामांकित उदाहरण. त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकन कॉन्टॅक्ट डरमॅटायटिस सोसायटीने २०१३ साठी त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं, आणि युरोपात लावून ठेवायच्या प्रसाधनांत ते २०१७ पासून बंद झालं. धुवून टाकायच्या शांपू-साबणांत ते अजून सापडतं.

पुरळ कुठे आहे यावरून गुन्हेगार बराचसा ओळखू येतो. फक्त पापण्या असतील तर आधी नखं बघा. नेलपॉलिशमधलं रेझिन किंवा जेल नखांतली ॲक्रिलेट्स बोटांच्या जाड कातडीला काही करत नाहीत. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. डोळा चोळताना तिथे लागलेला अंश पुरेसा होतो. डोळ्यांत घालायचे थेंब, त्यातही निओमायसिन असलेले, हे पापण्यांचं दुसरं मोठं कारण. कपाळाची केसांलगतची कड, कान आणि मान सोलवटत असेल तर शांपू, कंडिशनर किंवा केसांचा रंग. शांपूचं पाणी ज्या वाटेने ओघळतं त्याच वाटेने पुरळ उतरतं, गालाच्या कडेने जबड्यापर्यंत, आणि नाक-हनुवटी स्वच्छ राहते. ओठांभोवती असेल तर टूथपेस्टमधला पुदिना-दालचिनीचा स्वाद, लिपस्टिक, लिप बाम, नाहीतर नुसती ओठ चाटायची सवय. कानशिलावर पट्टा असेल तर चष्म्याची काडी. एकाच गालावर असेल तर तुम्ही काय लावता यापेक्षा तुमच्या गालाला कोण गाल लावतं आणि त्या माणसाने कोणतं अत्तर किंवा आफ्टरशेव्ह लावलंय हे विचारा. आणि वरच्या पापण्या, नाकाखालची जागा, हनुवटीखालची सावली, कानामागचा भाग एवढंच स्वच्छ राहून बाकी सगळं लाल असेल, तर प्रकरणात ऊन आहे. मग सनस्क्रीन आणि चालू गोळ्या दोन्ही तपासायला हव्यात.

आता पहिले दहा-बारा दिवस काय करायचं ते.

चेहऱ्यावरचं सगळं बंद. सगळं म्हणजे सीरम, टोनर, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, ॲसिडवाली पॅड, स्क्रब, मास्क, मेकअप, सुगंधी वाइप्स, आणि ‘ॲलर्जीवरची’ म्हणून आणलेली ती चौथी क्रीमसुद्धा. नखांचा रंग काढा. टी ट्री तेल, प्रोपोलिस (मधमाश्यांची राळ), लिंबू, व्हिनेगर, बेकिंग सोडा यांना हात लावू नका. यातली पहिली दोन स्वतःच नावाजलेली ॲलर्जीकारकं आहेत, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखा डाग महिनोन्महिने राहतो.

सकाळी नुसत्या कोमट पाण्याने तोंड धुवा. संध्याकाळी सुगंध नसलेलं, साबणविरहित क्लेन्झर हरभऱ्याएवढं घेऊन बोटांच्या टोकांनी वीसेक सेकंद, मग भरपूर पाणी. साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. फाटलेल्या त्वचेला हा फरक झोंबतो. पंचाने पुसू नका, टिपा.

पाझरत असेल किंवा आग होत असेल तर थंड ओल्या घड्या. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ घाला, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. मऊ सुती कापड त्यात भिजवून पिळा आणि १० मिनिटं तोंडावर ठेवा. कापड गरम झालं की पुन्हा बुडवा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. पाझर थांबल्यावर घड्याही थांबवा, नाहीतर त्वचा उलट कोरडी पडते. बर्फ थेट लावू नका.

घडी काढली किंवा तोंड धुतलं की दोन-तीन मिनिटांत, त्वचा ओलसर असतानाच, साधं पांढरं पेट्रोलियम जेली हरभऱ्याएवढं तळव्यांत वितळवून दाबून लावा. चोळायचं नाही. चिकटपणा सगळ्यांनाच नको असतो, पण त्यात पाणी नसल्याने परिरक्षक लागत नाही, आणि सुगंध नसलेली डबी घेतली तर ॲलर्जी येण्यासारखं त्यात जवळजवळ काही उरत नाही. मुरुमांची त्वचा असेल तर सेरामाइड किंवा ग्लिसरीनवालं, छोट्या घटकयादीचं मॉइश्चरायझर चालेल. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेलं आत्ता नको, झोंबेल.

वेष्टनावरच्या दोन शब्दांवर विसंबू नका. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच; मूळ वास झाकायला आत सुगंध घातलेला असू शकतो. हवं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’. ‘हायपोअलर्जेनिक’ची सर्वमान्य व्याख्याच नाही, कंपनी म्हणेल ते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने तर अजिबात भुलू नका. लॅव्हेंडर आणि संत्र्याच्या सालीची तेलं ही सुगंधी रसायनांची बोचकीच असतात.

केस धुताना मान मागे टाका, म्हणजे पाणी तोंडावरून जाणार नाही, आणि केसांच्या कडेने आधी पेट्रोलियम जेलीचा पट्टा ओढा. उशीचा अभ्रा बिनसुगंधी पावडरीने धुवून एकदा जास्त खळबळा. बाहेर जायचं तर टोपी, सावली; सनस्क्रीन लागलंच तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं.

हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का या सौम्य स्टेरॉइडचा पातळ थर दिवसातून एक-दोनदा, फक्त लाल जागेवर, पाच ते सात दिवस ठीक. पूर्ण चेहरा आणि मान मिळून मोठ्या माणसाला एका वेळी अडीच ‘बोटाची टोकं’ लागतात. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ओढलेली क्रीमची रेघ म्हणजे एक टोक, साधारण अर्धा ग्रॅम. नुसत्या गालांना त्याहून खूप कमी. पापण्यांवर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा थांबतो. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही जास्त कडक स्टेरॉइडची नावं तुमच्या चारपैकी एखाद्या ट्यूबवर असतील तर नीट ऐका. या क्रीमने दोन दिवसांत लाली जाते आणि माणूस खूश होतो. थांबवली की चौथ्या-पाचव्या दिवशी दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा लावली जाते. तीन-चार महिन्यांत त्वचा पातळ, केशवाहिन्या दिसायला लागलेल्या, ओठांभोवती बारीक पुटकुळ्या, ऊन सोसवत नाही. मग त्यालाही ‘ॲलर्जी’ म्हणतात. गोरेपणाच्या अनेक क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला असंच स्टेरॉइड असतं. आठवडा-दोन आठवडे लावली असेल तर बंद करा. कित्येक महिने लावली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडूनच सोडवून घ्या; टॅक्रोलिमस मलमासारखा बिनस्टेरॉइड पर्याय ते देतात. त्याने पहिले काही दिवस आग होते, ती अपेक्षित असते. आग झाली म्हणून लोक ते तिसऱ्या दिवशी फेकतात आणि जुन्या ट्यूबकडे परततात.

सेटिरिझिन किंवा लोराटाडिन १० मिलिग्रॅमची गोळी गांधींवर चांगली चालते, कारण तिथे खाज-सूज आणणारं हिस्टामिन हे शरीरातलं रसायन असतं आणि या गोळ्या त्यालाच अडवतात. संपर्काच्या एक्झिमात खेळ टी पेशींचा असतो, त्यामुळे तीच गोळी महिनाभर घेऊनही पापुद्रे जात नाहीत. गोळी निकामी नाही, जागा चुकली.

आता खाणं.

गांधी उठत असतील, ओठ-पापण्या फुगत असतील आणि तसं खाल्ल्यावर दोन तासांत, दर वेळी होत असेल, तर अन्नाचा संशय रास्त. तेव्हा आधी यांच्याकडे बघा: दूध, अंडं, शेंगदाणा, अक्रोड-काजूसारखा सुकामेवा, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकडा, तीळ. कधी कधी अन्नाला जोडीदार लागतो. गहू एरवी पचतो, पण खाऊन लगेच धावायला गेलं, किंवा सोबत दारू किंवा आयबुप्रोफेन-ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी असली, की गांधी उठतात. म्हणून टिपणवहीत पदार्थाबरोबर व्यायाम आणि गोळीही लिहायची.

वही दोन आठवडे ठेवा आणि प्रत्येक ओळीला वेळ टाका: ८.१५ न्याहारी, ८.४० चेहरा धुतला, ११.०० डाव्या गालाला खाज. त्यात शांपू, नखं, प्रवास, पाळी, ऊनही येऊ द्या. दोन आठवड्यांनी एखादा पदार्थ खरोखर वर आला तर तो एकटाच, दोन ते चार आठवडे बंद करा आणि मग मुद्दाम परत खाऊन बघा. हा परत खाण्याचा भाग लोक गाळतात, आणि मग आयुष्यभर विनाकारण अंडं वर्ज्य राहतं. चार पदार्थ एकदम सोडले की बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही. ज्या पदार्थाने आधी सूज किंवा धाप आली असेल त्याची ही चाचणी घरी करायची नाही.

संपर्काच्या एक्झिमात खाण्याचं पथ्य जवळजवळ नसतंच. थोडे अपवाद आहेत. पेरू बाल्सम या सुगंधी राळेची ॲलर्जी पॅच टेस्टमध्ये (पाठीवर पट्ट्या लावून करायची चाचणी) निघाली आणि लावायचं सगळं टाळूनही पुरळ हटलं नाही, तर लवंग, दालचिनी, व्हॅनिला, संत्रं-लिंबू, टोमॅटो काही आठवडे कमी करून बघता येतात. दुसरा प्रकार खाण्याचा नसून लागण्याचा. आंब्याच्या सालीत आणि देठाच्या चिकात विषारी आयव्ही या अंगावर फोड आणणाऱ्या वेलीतल्या उरुशिऑलशी नातं असलेली रसायनं असतात. साल दातांनी ओढून खाल्लं की एक-दोन दिवसांनी ओठांभोवती फोड येतात. धुवून, सोलून, दुसऱ्याने कापून दिलेला गर त्याच माणसाला बहुधा काही करत नाही. लहान मुलांच्या तोंडाभोवती संत्रं-टोमॅटोचा रस लागून लाल होतं ते तर निव्वळ झोंबणं. जेवणाआधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं की भागतं.

कच्चं सफरचंद किंवा पीच खाल्ल्यावर ओठ-टाळू खाजतात आणि शिजवलेलं चालतं, ही परागकणांच्या ॲलर्जीची सावली आहे. शिजवल्यावर ते प्रथिन मोडतं. ट्यूना-बांगड्यासारखा नीट थंड न ठेवलेला मासा खाऊन अर्ध्या तासात तोंड लालभडक झालं, तर ती बहुधा माशातच साचलेल्या हिस्टामिनची बाधा. ते हिस्टामिन शिजवूनही जात नाही. पुढच्या वेळी ताजा मासा सुखरूप पचतो.

चेहरा पेटलेला असताना तिखट, कढत पेयं आणि दारू आठ-दहा दिवस आवरा. ॲलर्जी म्हणून नव्हे. त्यांनी चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लाली-खाज भडकते. बाकी नेहमीचं जेवण जेवा: डाळ, कडधान्य, अंडं, मासे, भाज्या, फळं, पुरेसं तेल-तूप. त्वचा भरून यायला प्रथिनं लागतात, आणि तीन आठवडे अर्धपोटी राहून ती मिळत नाहीत. दूध खरंच सोडावं लागलं तर मोठ्या माणसाला दिवसाला लागणारं सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम कुठून येणार ते आधी ठरवा. एक्झिमा असलेल्या लहान मुलांचं दूध-अंडं अंदाजाने दीर्घकाळ बंद ठेवणं तर धोक्याचं. वाढ खुंटते हे एक, आणि सहनशीलता जाऊन परत देताना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते हे दुसरं.

‘शरीरशुद्धी’ची पेयं, भांडंभर पाणी, साखर पूर्ण बंद, यांचा या आजाराशी संबंध नाही. उलट कॅमोमाइल, एकिनेशिया, प्रोपोलिस घातलेल्या वनौषधी भुकट्या नव्या ॲलर्जीचं निमित्त होतात. दोनशे पदार्थांची आयजीजी रक्तचाचणी करू नका. आयजीजी हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार; तो दिसणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, इतकंच. म्हणून अहवालात रोजच्या जेवणातलेच पदार्थ लाल रंगात येतात आणि लोक नेमके तेच सोडतात.

काही गोष्टींना मात्र थांबायला वेळ नसतो. जीभ-घसा सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, उलट्या, चक्कर: यावर औषध ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आणि तातडीचं रुग्णालय, गोळी घेऊन वाट बघायची नाही. खाज नसलेली ओठांची किंवा जिभेची सूज आली आणि रक्तदाबाची ‘प्रिल’ने संपणारी गोळी चालू असेल, तर ती गोळी कित्येक वर्षं सोसली असली तरी संशयित तीच, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाच बाजूला गरम, दुखरी लाली आणि ताप म्हणजे जंतुसंसर्ग. कपाळाच्या एका बाजूला, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ दुखरे फोड म्हणजे नागीण असू शकते. तिचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हवं.

सगळं नीट चाललं तर दोन-तीन आठवड्यांत चेहरा साफ दिसेल. लगेच जुना डबा उघडू नका. वरून नितळ दिसलं तरी त्वचेची भिंत आतून अजून कच्ची असते. आणखी दोन आठवडे जाऊ द्या. मग एक वस्तू घ्या, कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा सात दिवस लावा आणि ती जागा धुवू नका. काही झालं नाही तर जबड्याच्या कडेला तीन रात्री, मग चेहऱ्यावर. पुढची वस्तू आठवड्यानंतर. एकदा मनगटावर चोळून दहा मिनिटं बघणं ही चाचणी नव्हेच. उशिराची ॲलर्जी दहा मिनिटांत दिसत नाही. शांपू-साबण असे लावून ठेवू नका, त्यांनी कोणाचीही त्वचा लाल होईल. केसांच्या रंगाने एकदा पुरळ आलं असेल तर पीपीडी (केस काळे करणारं रसायन) असलेला कोणताही रंग घरी पुन्हा तपासायचा नाही; पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा मोठी येऊ शकते, डोळे मिटतील इतकी सूज धरून.

चार-सहा आठवड्यांत सुटलं नाही, किंवा सुटून परत येत राहिलं, तर पॅच टेस्ट मागा. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. पहिल्याच तपासणीवर समाधान मानलं तर उशिरा उठणारे पदार्थ निसटतात, म्हणून दुसऱ्या खेपेचा कंटाळा करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, त्यांनी निकाल दबतो. सेटिरिझिनने तो सहसा बिघडत नाही. प्रिक टेस्ट वेगळी, तिचा निकाल १५-२० मिनिटांत येतो आणि त्याआधी सेटिरिझिनसारख्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. ती अन्नाच्या आणि परागकणांच्या लगेच उठणाऱ्या ॲलर्जीसाठी. गालावरच्या पापुद्र्यांचं उत्तर तिच्यात नाही.

जाताना वापरातली प्रत्येक वस्तू खोक्यासकट पिशवीत घाला, कारण घटकांची पूर्ण यादी बऱ्याचदा खोक्यावरच असते. नेलपॉलिश, शांपू, टूथपेस्ट, डोळ्यांचे थेंब, घरातल्या दुसऱ्या माणसाचं आफ्टरशेव्ह, आणि लाज वाटते म्हणून कपाटात मागे सरकवलेली ती स्टेरॉइडची ट्यूबही.